ताडपत्री आठवतेय का कुणाला?

आपल्या ज्युदो क्लबच्या पंचविशीची स्मरणिका निघतेय. काल रात्री प्रूफ आलं. निम्म्या जाहिराती, मग शुभेच्छा संदेश, मग पदकांचा तक्ता. इतिहास दीड पान, आणि त्यातलं पहिलं वाक्य 'छोट्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला'. हे वाक्य कुठल्याही पतसंस्थेच्या अहवालात खपून जाईल.

वटवृक्ष राहू द्या. जमिनीबद्दल लिहा की!

ज्युदोचा स्वतःचा इतिहास जमिनीच्या भानगडीपासूनच सुरू होतो. १८८२ साली तोक्योच्या एइशोजी मंदिरात जिगोरो कानोंनी कोदोकान, म्हणजे ज्युदोची पहिली शाळा, सुरू केलं. वय २१. जागा १२ तातामींची (तातामी म्हणजे जपानी गवती चटई), म्हणजे दोनशे-सव्वादोनशे चौरस फूट. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. आपटाआपटीने मंदिर हादरायचं, मृतांच्या नावाच्या पाट्या फळीवरून पडायच्या, पुजारी वैतागायचे. जमिनीखालचे वासे मोडले की कानो कंदील घेऊन खाली शिरायचे आणि दुरुस्ती करायचे. हेच कानो पुढे १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेले. पण मला ते आठवतात ते कंदीलवाले.

आपल्याकडे पहिली तीन वर्षं मॅट कुठे होत्या? शाळेच्या हॉलमध्ये काथ्याच्या गाद्या, वर ताणून बांधलेली ताडपत्री. दोन गाद्यांच्या फटीत पायाचा अंगठा हमखास अडकायचा. शनिवारी सराव संपला की चौघांनी चार कोपरे धरायचे आणि सुतळी पुन्हा आवळायची. कोपरांची सालटं निघायची ती वेगळीच. गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून एका काकूंनी मांजरपाट दुहेरी लावून सहा जणांचे शिवले. माझा पहिल्याच थ्रोला काखेत टर्रकन फाटला. काकूंनी शिव्या घातल्या आणि रात्रीत शिवून दिला. प्रूफमध्ये त्यांचं नाव नाही. हॉलला एकदा भेट देऊन गेलेल्या पाहुण्यांचा मात्र अर्ध्या पानाचा फोटो आहे.

आणि मुलींच्या बॅचबद्दल एकच ओळ: 'मुलींनीही उत्साहाने सहभाग घेतला.' अहो, सहभाग कसला? पहाटे साडेपाचला येऊन ताडपत्री पुसायचो आम्ही, कारण संध्याकाळचा हॉल मुलांचा. हे काही आपल्याच गावचं नाही म्हणा. ज्या जुन्या जपानी कुस्तीतून ज्युदो निघाला त्या ज्युजुत्सुतले कानोंचे पहिले गुरू फुकुदा हाचिनोसुके. त्यांची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये कानोंकडे ज्युदो शिकायला लागली. पाचव्या दानवर (दान म्हणजे काळ्या पट्ट्याची पायरी) तिला १९७२ पर्यंत अडकवून ठेवलं, कारण बाईला त्याच्या वर जाऊच देत नसत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेने दहावा दान दिला तेव्हा ती ९८ वर्षांची होती. आपल्या त्या एका ओळीवर माझा राग का, हे आता तरी समजेल.

सगळ्यांना पदकं मिळाली नाहीत. पिवळ्या पट्ट्यावर सोडून गेलेले कितीतरी. पण दुसऱ्याला पडायला शिकवायचं तर कुणीतरी समोर उभं राहावंच लागतं, आणि तेव्हा हेच उभे होते.

पहिल्या चार वर्षांची हजेरीवही माझ्याकडे आहे. कडेची पानं वाळवीने खाल्लीत, तरी नावं वाचता येतात. मी ती टाइप करायला घेतलीय. प्रूफ शुक्रवारी परत द्यायचंय. ताडपत्रीवरचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर आजच पाठवा, अंधुक असला तरी चालेल. आणि काकूंचा नंबर कुणाकडे असेल तर मला मेसेंजरवर टाका.