उतार हिरवा झाला, पण शेवळे आली का?

आमच्या म्हसळ्याकडच्या एका डोंगरावर पाच वर्षांपूर्वी खासगी मालकीच्या जंगलाची सरसकट तोड झाली. आज रस्त्यावरून तो उतार गच्च हिरवा दिसतो आणि "जंगल आपोआप येते" असे म्हणणारे नेमके त्याच्याकडे बोट दाखवतात. मी दर पावसाळ्याच्या तोंडाला वर चढून जातो, म्हणून मला ते पटत नाही.

ऐन आणि किंजळीच्या खोडक्यांना भराभर फुटवे येतात, कारण मुळे शाबूत असतात. जमिनीची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या पावसात तेथे टाकळा आणि तेरडा माजला, आणि पुढच्या दोन वर्षांत रानमोडी या परदेशी झुडपाने सगळे गिळले. तिचे हलके, केसाळ बी वाऱ्यावर कुठेही जाते आणि मोकळे ऊन मिळाले की रुजते. उन्हाळ्यात ती वाळून वणव्याला सरपण पुरवते, वणव्यात कोवळे फुटवे होरपळतात, आणि पाऊस पडताच ती मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते.

सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींपैकी शेवळे (पावसाच्या तोंडाला उगवणारी रानभाजी) आणि रानहळद यांचे कंद जमिनीत असल्यामुळे ती तोडीतून वाचू शकतात, पण माती हलली नसेल तरच. गेल्या जूनमध्ये एका खोडक्यालगतची रानमोडी बाजूला सारली, तेव्हा शेवळाचे दोन कोंब दिसले. तेथून वीस पावलांवर, ट्रक वर आणण्यासाठी जेसीबीने खरवडलेल्या पट्ट्यात, माती अजून विटेसारखी घट्ट आहे आणि तिच्यावर टाकळ्याखेरीज काही नाही. (कारवीचे तर विचारूच नका, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारे झुडूप फुलण्याआधीच गेले, तर बी पडणार कोठून?) शेजारच्या देवराईत मात्र पाय पालापाचोळ्यात रुततो आणि दगडादगडावर नेचे आहेत.

राज्याचा वृक्षतोडीचा कायदा १९६४ चा आहे, आणि तो झाडांच्या तोडीचे नियमन करतो. माझ्या मते तोडीची परवानगी देतानाच उतारावर यंत्र न चढवण्याची आणि सावलीपुरती झाडे राखण्याची अट असावी. रोपवनासाठी खड्डे खणण्यावर होणारा खर्च अशा ठिकाणी हिवाळ्यात, फुलोऱ्याआधी, रानमोडी उपटण्यावर आणि जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढण्यावर व्हावा. मालकाला मी हे सुचवले, तेव्हा तो म्हणाला, "मजुरी कोण देणार?" त्याचे चुकत नाही. बाजारात शेवळांच्या जुड्या विकणाऱ्या मावशी आता पलीकडच्या डोंगरावर जातात.