ताप अंगावर काढून कामावर येणे, यात कौतुक कसले?

आज महाप्याच्या आमच्या कार्यालयात एक तरुण सहकारी तापाने फणफणलेला असताना कामावर आला आणि त्याला घरी पाठवायचे सोडून वरिष्ठांनी सर्वांदेखत त्याची पाठ थोपटली. खिडक्या बंद असलेल्या त्या वातानुकूलित दालनात तो दिवसभर खोकत होता. संताप आला.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या माझ्या काकांच्या घरी फ्लू शिरला तो असाच. चुलतभावाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला रजा नाकारली गेली, पाठोपाठ भाऊ आजारी पडला आणि मग सत्तरी ओलांडलेले, मधुमेह असलेले काका. भाऊ लवकर सावरला. काकांचा ताप न्यूमोनियावर गेला. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि नेमका तोच वेळ विषाणूवर काडीचाही परिणाम न करणाऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत गेला होता. ऑक्सिमीटरवरचा आकडा 88 च्या पुढे सरकत नव्हता आणि काकू पदराने काकांचे बोट पुन्हा पुन्हा पुसून ते यंत्र लावून पाहत होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूमुळे होणारे श्वसनविकार जगभरात दरवर्षी 2,90,000 ते 6,50,000 माणसांचा बळी घेतात. 1918 साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा आपण सगळेच हादरलो होतो. हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि आपल्याकडे ती घेतो कोण? लसीने फ्लू हमखास टळतो असे नाही, हे मान्य; पण काकांसारख्यांचे आजारपण गंभीर होण्याचा धोका ती कमी करते.

त्या मुलावर मात्र माझा राग नाही. त्याची रजा संपली आहे, पगार कापला गेला तर घराचा हप्ता थकेल, हे त्याने डबा खाताना हळूच सांगितले. काकांच्या घरापर्यंत आजार पोहोचवणारा तो माणूसही अशाच अडचणीत असणार.

ताप उतरून 24 तास होईपर्यंत भरपगारी रजा द्यावी आणि पावसाळ्यापूर्वी कर्मचाऱ्यांना कंपनीच्या खर्चाने लस द्यावी, असे पत्र मी उद्या व्यवस्थापनाला देणार आहे. सहकाऱ्यांपैकी ज्यांना सही करायची असेल, त्यांनी सकाळीच माझ्याकडे यावे.