बीएस-६ पिकअपचा ‘गळा मोकळा’ करण्याच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. बीएस-६ च्या, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाच्या, नियमांपायी कंपनीनं इंजिनाचा गळा दाबलाय. ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करा, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर) काढा, वर मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सॉफ्टवेअर) टाका. ताकद २५-३० टक्के वाढते, लिटरमागे २-३ किलोमीटर जास्त मिळतात, पीयूसी आरामात निघते, कुणाला पत्ता लागत नाही आणि कायदा काय तो कंपनीला, मालकाला नाही. यातला एक दावा बऱ्यापैकी खरा आहे, त्याच्याकडेही येऊ.

‘नियमांमुळे इंजिनं कमजोर झाली’

इसुझू व्ही-क्रॉस घ्या. बीएस-४ च्या काळातलं तिचं २.५ लिटरचं इंजिन १३६ पीएस ताकद आणि ३२० न्यूटन-मीटर ओढ (टॉर्क) द्यायचं. बीएस-६ मधलं १.९ लिटरचं इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं. इंजिन लहान झालं, नियम कडक झाले आणि आकडे वाढले.

तरी गाडी ‘ओढत नाही’ ही तक्रार खोटी नाही. लहान इंजिनाची खालची ओढ टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यावर) असते आणि १५०० आरपीएमच्या खाली टर्बो पुरता भरलेला नसतो. भरलेली गाडी खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १३०० वर रेटली तर ती मरगळणारच. एक गिअर खाली टाकला की हा आजार जातो. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या दीडपट माल भरला असेल, तर दोष कुणाचा हे सांगायला नको.

‘ईजीआर ताकद खातो’

ईजीआर थोडा जळलेला वायू परत इंजिनात सोडतो. त्यानं ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. हे काम मुख्यतः ॲक्सिलरेटरवर अर्धा-पाऊण पाय असताना चालतं. पाय पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हा व्हॉल्व्ह जवळजवळ मिटवून घेतो, कारण तेव्हा सगळी जागा ताज्या हवेला हवी असते. म्हणजे जिथे ताकद मोजली जाते तिथे ईजीआर आधीच बाजूला झालेला असतो. त्यावर पत्र्याची पट्टी मारून मिळतं ते ‘पी ०४०१’ हा फॉल्ट कोड आणि डॅशवरचा चेक लाइट. काही गाड्या वर पॉवरही कापतात.

ईजीआरचा खरा त्रास काजळीचा आहे. काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) चिकट काळा थर बसतो. त्यावर इलाज साफसफाईचा: व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड उतरवून कार्बन क्लीनरनं धुवायचं, पॅकिंग नवं टाकायचं, स्कॅनरवरून व्हॉल्व्हची मिटलेली जागा ईसीयूला पुन्हा शिकवायची. व्हॉल्व्हची सीट स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका. ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि मग तो खरोखरच ताकद खातो.

‘डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमध्ये कोंबलेली चिंधी’

स्वच्छ डीपीएफचा अडथळा इतका कमी असतो की ताकदीतला फरक एक-दोन टक्क्यांचा. चोंदलेल्याची गोष्ट वेगळी. तो का चोंदतो हे न बघता काढून टाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं.

डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात. काजळी जळते, राख जळत नाही. काजळी जाळायला ईसीयू इंजिनात उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, फिल्टरच्या आधी बसलेल्या कॅटॅलिस्टमध्ये ते पेटतं आणि फिल्टरचं तापमान ५५०-६०० अंशांवर जातं. हे रीजनरेशन साधारण १०-२० मिनिटांचं असतं. गाडी दिवसभर मार्केट यार्डात दोन-दोन किलोमीटर फिरून बंद होत असेल तर ते दर वेळी अर्धवट तुटतं. काजळी वाढतेच, शिवाय न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर हाच प्रकार समजा. ते ऑइल लगेच बदला, नाहीतर बेअरिंगं जातील. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर सलग चालवा. डीपीएफचा लाइट लागलेला असताना इंजिन बंद करू नका.

राख येते ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून. म्हणून बीएस-६ गाडीत लो-सॅप्स (कमी राख करणारं) ऑइलच लागतं: मॅन्युअलमध्ये लिहिलेलं एसीईए सी-३ किंवा एपीआय सीके-४. जुन्या पिकअपसाठी आणलेला सीआय-४ चा डबा उरला म्हणून यात ओतला की डीपीएफचं आयुष्य कापलंच. ‘डीपीएफ खराब निघाला’ या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा हा डबा असतो.

काढायची पद्धत तर आणखी वाईट. डबा कापून आतलं सिरॅमिक फोडतात आणि वरून वेल्डिंग करतात. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक शून्यावर आला की ‘पी २४४ए’ हा कोड उठतो, तो दाबायला सॉफ्टवेअरमध्ये डीपीएफ ‘नाही’ असं लिहावं लागतं. एकदा तिथे हात घातला की पुढचा प्रत्येक बिघाड शोधताना स्कॅनरच्या आकड्यांवर भरवसा उरत नाही.

‘मॅप टाकला की ताकद वाढते’

हा तो खरा दावा. कंपनी पूर्ण लोडवरही डिझेलच्या गरजेपेक्षा जास्त हवा राखून ठेवते. ती जागा वापरली की ताकद वाढते, यात जादू काही नाही. प्रश्न आहे ती जागा कशासाठी ठेवली होती, हा. मे महिन्यातली दुपार, चोंदलेला एअर फिल्टर, भेसळीचं डिझेल, घाटात सलग पंधरा मिनिटं पूर्ण पाय, हे सगळं सहन करण्यासाठी ती असते. जागा संपली की आधी धूर येतो, मग टर्बोच्या तोंडाशी तापमान चढतं. ताकद मोजायच्या यंत्रावरच्या पंधरा सेकंदांच्या डायनो रनमध्ये हे दिसत नाही, चढावर दिसतं. त्याआधीच बहुधा क्लच घसरायला लागतो, कारण वाढीव टॉर्क नेमका १६००-२२०० आरपीएममध्ये येतो आणि क्लच प्लेट मूळ आकड्याच्या हिशोबाची असते.

स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स तर ईसीयूला सरळ फसवतो. तो रेलच्या (इंजेक्टरांना दाबानं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि दाब खरा असेल त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला १६०० बार हवा असेल तर रेलमध्ये खरोखर १८०० होतो, वाचला जातो १६००. डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दाब साडेबारा टक्के वाढवून डिझेल मिळालं सहा टक्के जास्त. पंप, इंजेक्टर आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह मात्र पूर्ण १८०० बार सोसत राहतात.

‘ॲव्हरेज २-३ नं वाढतं’

१२ चा ॲव्हरेज १४ व्हायचा म्हणजे डिझेलमध्ये जवळजवळ १४ टक्के बचत. रीजनरेशनला लागणारं डिझेल साधारण एक ते तीन टक्के. ते सगळं वाचलं तरी फरक लिटरमागे फार तर पावणेचारशे मीटरचा. ८० च्या वेगाला हवा कापायला लागणारी ताकद मॅप टाकल्यानं कमी होत नाही.

मग डॅशवर वाढलेला आकडा कुठून येतो? ईसीयू स्वतः किती डिझेल सोडायला सांगितलं यावरून ॲव्हरेज काढतो. बॉक्सनं दाब खोटा सांगितल्यामुळे जास्तीचं डिझेल त्याच्या हिशोबात येतच नाही. खरं ॲव्हरेज बघायचं तर त्याच पंपावर, त्याच नोझलनं, पहिल्या कटपर्यंत टाकी भरा, किमान ३०० किलोमीटर चालवा आणि तसंच पुन्हा भरा.

‘पीयूसी निघते, म्हणजे गाडी नियमात’

डिझेलच्या पीयूसीमध्ये गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करतात आणि धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. जड पिकअपसाठी बीएस-४ ची मर्यादा किलोमीटरमागे ३९० मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती १२५ झाली. ईजीआर बंद करून वाढतं ते नेमकं हेच, आणि त्याला रंग नसतो. ही चाचणी तोकडी आहे हे मान्यच. तिच्यातून सुटणं म्हणजे नियम पाळणं असा अर्थ मात्र निघत नाही.

‘कळत नाही, आणि कायदा मालकाला नाही’

पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून टेलपाइपच्या आतून फिरवा. डीपीएफ धड असेल तर फार तर करडा डाग पडतो. काळी काजळी आली तर आतला फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. ओबीडी रीडरवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या स्कॅनरवर) सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन आयडी आणि त्याचा पडताळा क्रमांक, सीव्हीएन, दिसतो. मॅप बदलला की सीव्हीएन सहसा बदलतो. सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारताना हेच बघतं. फेरफार विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीचा दावा अडकतो, ते वेगळंच.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं फेरफाराबद्दलचं कलम ५२ गाडीच्या मालकाला उद्देशूनच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए(४) खाली बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाची मानकं मोडून गाडी चालवली तर कलम १९०(२) आहेच: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. गॅरेजवाल्यांनी एक गोष्ट जरूर वाचावी. कायद्यातल्या ‘डीलर’च्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणारेही येतात, आणि फेरफार करणाऱ्या डीलरला १८२ए(१) खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. पकडतं कोण, हा प्रश्न रास्त आहे. पण अपघाताच्या केसमध्ये समोरचा वकील पकडतो.

‘एका गाडीनं काय होतं?’

अमेरिकेत हाच युक्तिवाद लाखोंनी केला. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, २०२० मधल्या अहवालानुसार एका दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची उत्सर्जन यंत्रणा काढली गेली. त्यांचं जादा प्रदूषण ९० लाख नियमातल्या पिकअप रस्त्यावर वाढवण्याइतकं धरलंय. इथे तो धूर पहिल्यांदा जातो टेलगेटपाशी पोती उतरवणाऱ्या हमालाच्या छातीत.

आधीच काढून बसला असाल तर

क्रम पाळा. आधी बॉक्स किंवा मॅप काढून कंपनीची मूळ फाइल परत टाका. मग डीपीएफ, दाबाच्या दोन्ही नळ्या आणि तापमानाचे सेन्सर बसवा. नळ्या उलट लागल्या तर आकडा चुकतो. स्कॅनरवरून राखेचा काउंटर नव्या फिल्टरप्रमाणे शून्य करा, ईजीआरवरची पट्टी काढून व्हॉल्व्ह शिकवा, इंटरकूलरच्या पाइपांना स्मोक टेस्टरनं गळती बघा. ऑइल लो-सॅप्स टाका. दोन-तीन दिवस शहर आणि हायवे दोन्हीकडे चालवून रेडीनेस मॉनिटर (ईसीयूनं स्वतः करायच्या तपासण्या) पूर्ण झालेत का ते पाहा. फॉल्ट कोड नुसते खोडून लगेच गाडी दिली तर ते मॉनिटर अपूर्णच दिसतात, त्यामुळे गॅरेजमधून निघताना ती यादी समोर उघडून दाखवायला सांगा.