काडतूस फोडून ठासणीत? एका फॉरवर्डला उत्तर

कुडाळहून मामेभावाचा मेसेज आला तेव्हा मी हॅट-बूट चढवून गाडीत सामान भरत होतो. वर हातभर लांबीचा फॉरवर्ड, खाली त्याची स्वतःची ओळ: "दादा, ह्यां खरां काय रे? शेजारच्या काकांकडे बारा बोरची दोन काडतुसां आसत. आजोबांची बंदूक परत चालू करूक येतली?"

हा फॉरवर्ड मला आधी कॉलेजच्या ग्रुपवर आला होता, मग इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर. दोन्हीकडे मी काही बोललो नाही. कोण वाद घालणार? तिथेच चुकलं. आता तो अशा घरात पोचलाय जिथे खरोखरची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून नळीत दारू ठासून भरायची बंदूक आहे.

ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी त्यातले पाच दावे सांगतो. एक, अमेरिकेत १८९८ पर्यंतची किंवा त्या नमुन्याची बंदूक कायद्याने बंदूकच नव्हे, कोणीही घ्यावी. दोन, भारतातही 'अँटिक'ला परवाना लागत नाही, बॅगेतून आणता येते. तीन, जुनं पोलाद आजच्यापेक्षा कसदार, म्हणून जुन्या बंदुकीत आजच्या काडतुसातली दारू घातली की ती 'दुप्पट ताकदीने' चालते, आणि अमेरिकेतले काउबॉय नेमबाज हेच करतात. चार, हे लोक समोरासमोर उभे राहून कोण आधी पिस्तूल काढतो याच्या पैजा लावतात. पाच, ओळख लपवायला खोटी नावं घेतात.

मी फिनिक्सला राहतो आणि नऊ वर्षं हा खेळ खेळतोय. दोन एकेरी चापाची (दर बाराला घोडा हाताने ओढायचा) रिव्हॉल्व्हरं, एक खटक्याची (खालचा दांडा ओढून भरायची) रायफल, एक जुन्या धाटणीची शॉटगन, समोर लोखंडी पाट्या आणि हातात घड्याळ धरलेला माणूस, असा हा खेळ. तेव्हा 'अमेरिकेतले काउबॉय नेमबाज' म्हणजे मीच. सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो. बाकीच्यांनी माणूस फार तर तुरुंगात जाईल, याने हात जाईल.

ठासणीच्या बंदुकीत जाते ती काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. धूर होऊन बाहेर पडतो नाहीतर काजळी होऊन नळीला चिकटतो. आजोबा बार काढून आले की पडवीत बसून नळीत कढत पाणी ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून घासायचे आणि खालून शाईसारखं पाणी यायचं, ते आठवतं ना? ती काजळी म्हणजे बंदुकीत न लागलेली ताकद. आणि आजोबांची बंदूक तेवढ्याच ताकदीसाठी बनवलेली आहे.

काडतुसातली दारू ही वेगळीच जात. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ मध्ये तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या लेबेल रायफलीत ती आली. मुळात नायट्रोसेल्युलोज. जवळजवळ सगळीच वायू होते, म्हणून धूर नाही, आणि म्हणूनच नाव धूरविरहित दारू. आणि तिची खरी खोड पुढे आहे: दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काळी दारू इतकी चढत नाही. ठासणीत काथ्याचा बोळा गच्च ठोकून बसवलेला असतो, म्हणजे दाब वाढायला सगळी सोय आपणच करून ठेवलेली.

आता मापाचं बघ. १८७३ साली कोल्टचं जे रिव्हॉल्व्हर अमेरिकी सैन्याने घेतलं, त्याच्या .४५ काडतुसात मूळची भरती होती ४० ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) काळी दारू. काडतूस काठोकाठ भरायचं. तेच काडतूस मी आज घरी भरतो तेव्हा त्यात धूरविरहित दारू घालतो पाच-सहा ग्रेन. तळाशी चिमूटभर दिसते, बाकी काडतूस रिकामं. चुकून दुहेरी पडली तरी बाहेर सांडत नाही, म्हणून मी एकेका काडतुसात बॅटरी मारून बघतो. आणि ठासणीवाला दारू घेतो ती मापट्याने, डोळ्यांच्या अंदाजाने. त्याच मापट्याने ही दारू घातली तर काय होईल याला गणित लागत नाही. ताकद वाढते हे खरं आहे. ती पुढच्या तोंडातून बाहेर पडत नाही इतकंच. नळी मागच्या बाजूला फाटते, जिथे आपला गाल आणि डोळा असतो.

'जुनं पोलाद कसदार' हे वाक्य कोणी शोधलं त्याला मला भेटायचंय. त्या कोल्टच्या सुरुवातीच्या चौकटी पोलादाच्या नव्हत्याच, लोखंडाच्या होत्या. या रिव्हॉल्व्हरला धूरविरहित दारू चालेल अशी हमी खुद्द कंपनीनेच साधारण १९०० पर्यंत दिली नव्हती. बनवणारा हमी देत नाही आणि आपण व्हॉट्सअॅपवरून देतोय! आजोबांची बंदूक तर कुठल्या कारागिराने घडवली हेही कोणाला ठाऊक नाही. तिच्यावर चाचणीचा शिक्का नाही, आणि कोकणातले कितीतरी पावसाळे तिने पडवीत काढलेत.

उलट रेप्लिका, म्हणजे जुन्या बंदुकांच्या नव्या नकला बघ. त्यातल्या बहुतेक इटलीत, ब्रेशाच्या आसपास बनतात. गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव तर शतकानुशतकं बंदुका घडवणाऱ्यांचं. उबेर्ती कंपनी १९५९ मध्ये तिथेच निघाली. प्रत्येक बंदूक सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दाबाचा बार काढून तपासतात आणि मग शिक्का मारतात. माझ्याकडे पिएत्ता या इटालियन कंपनीचं १८५८ नमुन्याचं रेमिंग्टन रिव्हॉल्व्हर आहे, केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावून बार काढायचं, दारू सिलिंडरमध्ये ठासायची. पोलाद याच शतकातलं, चाचणी झालेली. तरी त्याच्या नळीवर ठसठशीत कोरलंय: 'ब्लॅक पावडर ओन्ली'. नव्या कोऱ्या बंदुकीवर बनवणारा हे लिहितो, यापलीकडे मी काय पुरावा देऊ?

'नेमबाज हेच करतात' ही तर उलटी गंगा. या खेळाची मुख्य संस्था, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, हिच्या नियमात गोळी फक्त शिशाची, वेग रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फुटांच्या आत, रायफलीला १४०० च्या आत. आणि गंमत अशी की लोक ताकद वाढवतात म्हणून नव्हे, कमी करतात म्हणून संस्थेला खालची मर्यादाही घालावी लागली: ४०० फूट. धक्का कमी बसला की पुढचा बार लवकर निघतो, म्हणून आमच्यातले लबाड दारू कमी घालतात. दुप्पट ताकद नकोय कोणाला.

अर्धसत्य एक आहे, ते कबूल करतो. काडतुसाच्या रेप्लिकात आम्ही बहुतेक जण धूरविरहित दारूच वापरतो. पण ती बंदूक त्याच काडतुसासाठी बनवलेली आणि तपासलेली असते. दिसायला १८७३ ची, आतून आजची. फॉरवर्डवाल्याने कुठलातरी व्हिडिओ बघितला, जुनी दिसणारी बंदूक दिसली, धूर दिसला नाही, आणि उरलेलं स्वतःच जुळवलं.

आता कायदा. इथेही अर्धसत्यच आहे, म्हणून जास्त चीड येते. अमेरिकी संहितेच्या १८ व्या शीर्षकातलं कलम ९२१ वाचावं, त्यात 'अँटिक'ची व्याख्या आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक, बरोबर. पण रेप्लिकाला ती सवलत सरसकट नाही. आज सर्रास मिळणारं काडतूस जिच्यात चालत नाही, किंवा जी ठासणीची आहे आणि फक्त काळ्या दारूवर चालते, तीच रेप्लिका अँटिक. म्हणजे १८९० सालचं अस्सल कोल्ट संघराज्याच्या कायद्याने 'बंदूक' नव्हे, आणि त्याचीच गेल्या वर्षी इटलीत बनलेली नक्कल मात्र पक्की बंदूक. ती घेताना दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते. मी भरलाय. होय, माझं केपवालं रेमिंग्टन कुरियरने घरी आलं, सही करून घेतलं. पण ते ॲरिझोनात. राज्याराज्यांचे कायदे निराळे. न्यू जर्सीत, जिथे आपली एवढी माणसं आहेत, ठासणीच्या पिस्तुलालाही परवानगी लागते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पोरांनी तर हा फॉरवर्ड वाचून दुकानात जाऊच नये. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगणं हाच संघराज्याचा गुन्हा आहे.

भारताचं बघू. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम ४५ मध्ये जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे. फॉरवर्डवाल्याने इथपर्यंत वाचलं आणि थांबला. वाक्य पुढे जातं: जे हत्यार दुरुस्त करून किंवा तसंच, बंदूक म्हणून वापरायचा इरादा नाही, त्यालाच ही सूट. बार काढायचा विचार आला की सूट संपली. नवी रेप्लिका तर पुराणवस्तू कुठल्याच अर्थाने नाही. ती परवान्याशिवाय बॅगेत घालून कोणी मुंबईला उतरला तर पुढचा मुक्काम कोठडीत. आणि अरे, घरचंच बघ ना. मामाच्या कपाटात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, त्याच्या नूतनीकरणासाठी तो सिंधुदुर्गनगरीला खेपा घालतो. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात पीक राखायला लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन परवान्याची तरतूद केलीय. लागतच नसता तर लिहिला कशाला असता? तो परवाना ठासणीचा आहे, बारा बोरच्या काडतुसांचा नाही, हेही लक्षात असू दे. काकांची काडतुसं काकांकडेच राहू देत.

पैजांचा मुद्दा हास्यास्पद आहे, पण सांगतो. या खेळात माणूस माणसासमोर उभा राहत नाही. एकेकटा जातो, बीप वाजली की पाट्यांवर बार काढतो. नळी वाजवीपेक्षा जास्त बाजूला वळली की बाद. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं, आम्ही भरतो पाच, कारण जुन्या रचनेत घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असताना बंदूक पडली तर बार निघू शकतो. म्हणून भरण्याच्या टेबलावर नवखा माणूस पुटपुटताना दिसतो: एक भर, एक सोड, चार भर. मग घोडा पूर्ण ओढून रिकाम्या घरावर अलगद सोडायचा. माझ्या पहिल्या दिवशी शेजारच्या सत्तरीच्या आजीबाईंनी माझं सिलिंडर वाकून तपासलं, मान हलवली आणि मगच मला पुढे सोडलं.

आणि खोटी नावं? संस्थेत नाव नोंदवताना टोपणनाव घ्यावंच लागतं, एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. खरं नाव-पत्ता त्यांच्याकडे असतोच. माझं 'कुडाळ किड'. नऊ वर्षांत एकालाही त्यातला ळ म्हणता आलेला नाही.

हे सगळं मी फोनवर सांगणार होतो, पण फोन मामाने उचलला. बंदूक आचारसंहितेमुळे ठाण्यात जमा आहे म्हणाला, मंगळवारी परत मिळणार. म्हणून आजच लिहून पाठवतोय. मंगळवारच्या आत वाच रे.