पंखा बंद ठेवा, चित्र चालू आहे

सॉफ्ट पेस्टल, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगकाड्यांनी चित्र काढणं, शिकायचं मनावर घेतलंत, तर रंगांआधी घरच्यांशी एक तह करून घ्या: चित्र होईस्तोवर पंखा बंद. या काड्यांत रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं आणि डिंक जेमतेम, काडी हातात धरता येईल इतकाच. म्हणून रंग झळाळतो, आणि म्हणूनच तो कागदावर टिकून राहायला फारसा राजी नसतो. मे महिन्यात ही कला शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात नुसतं ‘पेस्टल द्या’ म्हणालात की शाळेतल्या मुलांचे ऑइल पेस्टल हातात पडतात. ते मेण-तेलाचे, त्यांच्यावर सॉफ्ट पेस्टल बसत नाही, घसरतं. काडी बोटावर घासा: कोरडी पूड आली तर बरोबर, चिकट लागलं तर परत करा. 24 अर्ध्या काड्यांचा संच सुरुवातीला पुरतो, पण उघडून बघा. इथे पॅलेटवर रंग कालवता येत नाहीत, त्यामुळे गडद जांभळा, काळपट हिरवा, गडद तपकिरी काडीतच हवेत. स्वस्त संचात नारिंगी तीन असतात आणि गडद एकही नसतो.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे वेष्टन सोलून काडी मोडणे. नवी कोरी वस्तू पैसे मोजून आणायची आणि लगेच मोडायची, हे आपल्या रक्तात नाही. तरी मोडा. दोनेक सेंटिमीटरचा तुकडा आडवा धरून फिरवला की रंगाचा पट्टा उमटतो. पेन्सिलीसारखी टोकाने गिरवत बसलात तर आभाळ भरेस्तोवर दिवाळी येईल.

खरा खर्च कागदावर करा. साध्या गुळगुळीत कागदावर दोन थर बसतात, तिसरा ओघळतो, कारण पूड धरून ठेवणारे खळगेच नसतात. कॅन्सन कंपनीचा 160 जीएसएमचा (चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाचा) मी-तेंत कागद चांगला, पण त्याला दोन बाजू आहेत. एकीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. त्या बाजूवर चेहरा काढलात तर आजोबांना देवी आल्यासारख्या दिसतात. मागची बाजू वापरा. वाळूचा थर दिलेला कागद याहून जास्त थर पेलतो, मात्र बोटाने चोळायला गेलात तर बोटाचं सालटं काढतो. पांढरा कागद नको, राखाडी किंवा मातकट घ्या; नाहीतर प्रत्येक फटीतून पांढरे ठिपके डोकावतात.

आधी गडद, मग फिकट. आधी कडक काड्या, मग मऊ. पहिल्या थराला हात हलका. जोर लावलात की खळगे तिथेच बुजतात आणि पुढचा रंग नुसता सरकत राहतो. अशा वेळी खोडरबर पूड आणखी आत दाबतं, म्हणून ताठ केसांच्या कोरड्या ब्रशने ती झाडायची. बोटाने चोळायचा मोह सगळ्यांना होतो. एकदा ठीक, वारंवार चोळलंत की पिवळ्या-निळ्याचा गाळ होतो.

आणि फुंकर मारायची नाही! पूड नाकात जाते, थुंकीचा शिंतोडा कागदावर कायमचा बसतो. काही रंगांत कॅडमियम असतं, म्हणून तोंडाला मास्क, हातमोजे, आणि खाणं-पिणं दूर. कागद लावलेली फळी उभी ठेवा, खाली कागद दुमडून पन्हळ करा. पूड तिच्यात पडते. फरशी झाडूने नाही, ओल्या फडक्याने पुसा. मळलेल्या काड्या तांदळाच्या रव्यात घालून बरणी हलकेच हलवली की स्वच्छ होतात. त्या बरणीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका, नाहीतर रविवारी निळा उपमा होईल.

फिक्सेटिव्हवर, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्यावर, फार भिस्त नको. ते मारलं की फिकट रंग काळवंडतात. फ्रेंच चित्रकार देगा थरांमध्ये मारून वर पुन्हा रंगवायचा, तेच करा. शेवटचे उजळ ठिपके मात्र फवाऱ्यानंतर.

मग फ्रेमवाला. काच हवी, अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) नको; त्यावरची स्थिर वीज कागदावरची पूड ओढून घेते. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. आणि तो हे सगळं करत असताना दुकानातून हलू नका, कारण चित्रावर धूळ दिसली की फडकं मारायची त्याला सवय असते.