'गोळ्या सोडवायला आणलं, तुम्ही गोळ्याच दिल्या' : एका अभिप्रायाला आमच्या व्यसनमुक्ती केंद्राचं उत्तर

नमस्कार. आपण एक तारा देऊन चार तक्रारी लिहिल्या आहेत. झोपेच्या गोळ्या सोडवायला बहिणीला आणलं तर केंद्राने गोळ्याच चालू ठेवल्या, दाखल करताना दिवस गेलेत का याची तपासणी (गर्भतपासणी) करायला लावून अपमान केला, पहिल्या मुलाखतीत मेहुण्यांना बाहेर बसवलं आणि नवव्या दिवशी तिने 'घरी जायचंय' म्हणताच जाऊ दिलं.

आपली बहीण आमच्याकडे होती की नव्हती, हे इथे सांगता येणार नाही. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि बाईच्या बाबतीत ती पुढे सासरी किंवा मुलांच्या ताब्याच्या दाव्यात कशी वापरली जाईल, याचा नेम नसतो. पैशांचा हिशेबही त्याच कारणाने इथे नको. तिची लेखी संमती घेऊन कार्यालयात या, पावत्या दाखवू. आमची पद्धत मात्र उघड आहे, ती सांगतो.

अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्या बाईची गोळी एकदम तोडली, तर एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप पार उडते आणि फिटही येऊ शकते. फिट जिवावर बेतू शकते. म्हणून बहुतेक वेळा ती गोळी बदलून शरीरात जास्त वेळ टिकणारी डायझेपाम देतात आणि तिचा डोस पायरीपायरीने उतरवतात. दाखल असताना डोस थोडा वेगाने उतरवता येतो, कारण नाडी, रक्तदाब आणि थरथर सिस्टर वेळोवेळी बघत असतात. घरी गेल्यावर दर दोन-चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, त्याहून घाई नको. शेवटचा थोडा डोस सगळ्यात चिवट असतो. पूर्ण सुटायला काही महिने लागतात. '२१ दिवसांत गोळीमुक्त' अशी पाटी दिसली, तर तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव आणि ते आठवड्यातून किती वेळा येतात, हे आधी विचारा.

हे गणित बहुतेकदा बिघडतं ते सुरुवातीचा आकडा खोटा निघाल्याने. नवऱ्यासमोर 'दोन गोळ्या' म्हणणारी बाई एकटी असताना दहा सांगते, सोबत खोकल्याच्या औषधाची बाटली किंवा दारूही सांगते. दोन धरून डोस बसवला, तर तिसऱ्या दिवशी फिटची तयारी ठेवावी लागते. पहिली मुलाखत एकटीची असते ती यासाठी. त्यातच घरी मारहाण होते का आणि स्ट्रिप आणून कोण देतं, हेही विचारतो. स्ट्रिप आणणारा घरातलाच असेल, तर पुढची सगळी योजना बदलते. मेहुण्यांना नंतरच्या बैठकीत बोलावतोच. त्यांच्याशिवाय घरची बाजू सांभाळता येत नाही.

गर्भतपासणीचं कारण चारित्र्य नव्हे, औषध आहे. दारूवर दिली जाणारी डायसल्फिराम गरोदरपणात टाळतात, फिटसाठी वापरलं जाणारं व्हॅलप्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं. ब्राउन शुगर किंवा ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्या बाईची पाळी महिनोन्‌महिने चुकते, त्यामुळे दिवस गेल्याचं तिलाच कळत नाही. अशा वेळी नशा एकदम तोडणं धोक्याचं असतं, ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर स्थिर ठेवावं लागतं. तपासणी तिला विचारून होते, निकाल आधी तिलाच सांगतो.

आता जाऊ देण्याबद्दल. स्वतःच्या सहीने दाखल झालेल्या व्यक्तीने सोडा म्हटलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तिला सोडावं लागतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला, तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. त्यापुढे ठेवायचं तर कलम ८९ लागतं. तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे तिच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी हवी, मुदत ३० दिवसांची, आणि बाई असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला तीन दिवसांत कळवायचं. 'गाडी पाठवून उचलून आणणारं केंद्र बरं' असं आपण लिहिलंय. साखळीने बांधून ठेवणं किंवा कोंडणं हा उपचार नाही, गुन्हा आहे, आणि कोंडल्याने फिट थांबत नाही.

दुसरं केंद्र शोधत असाल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघायला मागा. रात्रपाळीला बाई सिस्टर आहे का, पुरुष त्याच मजल्यावर आहेत का, फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. तीन वर्षांखालचं मूल असेल, तर ते आईपासून सहसा तोडायचं नाही असं याच कायद्यात आहे. तरी मूल ठेवायची सोय अनेक ठिकाणी नसते, फोनवरच विचारलेलं बरं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा निशिगंध हा खास स्त्रियांचा विभाग आहे, तिथेही चौकशी करा.

मधेच उपचार सोडून आलेली बाई घरी असेल, तर उरलेल्या गोळ्या रागाने गटारात टाकू नका आणि जुना डोसही पुन्हा सुरू करू नका. डिस्चार्ज कार्डावर जेवढी मात्रा आहे तेवढीच, रोजची रोज, एकाच माणसाच्या हातून. सोबत दारू अजिबात नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत ते कार्ड घेऊन जा. फिट आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर ओपीडीची वाट न बघता थेट १०८. बाकी चौकशीसाठी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आहे.