मिनेट गुलाम नव्हती, आणि ‘क्रिओल’ म्हणजे मिश्र रक्त नव्हे

‘गुलाम मुलगी मिनेट बनली पहिली क्रिओल ऑपेरा-राणी! तिने क्रिओल भाषेत गाऊन रंगभेद संपवला आणि हैतीची क्रांती पेटवली.’ हा मजकूर भाचीने कॉलेजच्या भाषणात घालायला घेतला, म्हणून लिहिणं भाग आलं. दोन वाक्यांत इतक्या थापा मारायलाही कसब लागतं.

आधी ‘गुलाम’. मिनेट फेरांचा जन्म १७६७चा, पोर्ट-ओ-प्रिन्सचा, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच सें-दोमँग वसाहतीतला, आजच्या हैतीतला. आई मिश्रवर्णी, पण मोकळी. १६८५च्या ‘कोड न्वार’प्रमाणे, म्हणजे फ्रेंच वसाहतींतल्या गुलामीच्या कायद्याप्रमाणे, मूल आईच्या दर्जाचं, म्हणून मुलगी जन्मतःच मोकळी. विषय संपला.

‘क्रिओल’चा घोळ जास्त जुना आहे. या वसाहतींत क्रिओल म्हणजे तिथे जन्मलेला, मग कातडी कोणतीही असो. नेपोलियनची जोसेफीन गोरी आणि क्रिओल. मिनेटला गाणं नि अभिनय शिकवणारी मादाम आकेर हीसुद्धा क्रिओल नटी. आणि या रंगभूमीची सगळ्यात भरवशाची माहिती ज्याच्याकडून मिळते तो मोरो द सें-मेरी मार्तिनिकचा गोरा क्रिओल. या गृहस्थाने माणसाचे १२८ भाग कल्पून रंगाचा तक्ताच मांडला: ४९ ते ७० भाग गोरे तर ‘म्युलात्र’, ७१ ते ९६ तर ‘कार्तरों’, आणि असंच पुढे. एवढ्या किळसवाण्या बारकाईच्या तक्त्यातही ‘क्रिओल’ नावाचा रकाना नाही. कारण तो रंग नव्हताच.

‘क्रिओल भाषेत गायली’ हे तर उलटंच. १३ फेब्रुवारी १७८१ला, चौदाव्या वर्षी, तिने ‘इझाबेल ए जर्त्रूद’मध्ये इझाबेल केली, ती फ्रेंचमध्ये. पुढेही तिची मदार ग्रेत्री, दालेराक या संगीतकारांच्या ऑपेरा-कोमिकवर. हा प्रकार आपल्या संगीत नाटकासारखा: पद संपलं की गद्य संवाद. त्यामुळे नुसता गळा चालत नाही, उच्चारही पॅरिसच्या नटीच्या तोडीचे लागतात. एक स्वर वसाहती वळणाचा पडला तर गोरं प्रेक्षागृह हसायला टपलेलंच. क्रिओल बोलीत, म्हणजे वसाहतीत फ्रेंचपासून घडलेल्या भाषेत, नाटकं होत नव्हती असं नाही. क्लेमांचं ‘जानो ए तेरेझ’ १७५८चं, रूसोच्या ‘ल दव्हँ द्यू व्हिलाज’ या ऑपेराचं विडंबन, पण त्यात काळी माणसं व्हायची ती तोंडं काळी करून गोरे नट. असल्या ‘स्थानिक’ तुकड्यांपासून मिनेट जाणूनबुजून लांब राहिली. त्यात तिला बंड दिसलं नसेल, टिंगल दिसली असेल. हा माझा अंदाज. पण तिच्या भूमिकांची यादी त्याच बाजूने बोलते.

‘रंगभेद संपवला’ यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य. नाट्यगृहाचा व्यवस्थापक सें-मार्तँ याने पूर्वग्रह बाजूला ठेवून तिला उभं केलं, टाळ्या पडल्या, तिने जम बसवला. पण हे सगळं रंगमंचापुरतं. पडद्यापुढे काय? त्याच वसाहतीतल्या काप फ्रान्से शहराच्या सुमारे १,५०० जागांच्या नाट्यगृहात मोकळ्या काळ्या आणि मिश्रवर्णी बायकांना वरच्या मजल्याचे मागचे बॉक्स, तेही वेगवेगळे. मोरोच सांगतो की त्यामुळे काळी आई एका बॉक्समध्ये आणि तिची मिश्रवर्णी मुलगी दुसऱ्यात अशी वेळ यायची. त्यातच १७७३चा हुकूम: मोकळ्या मिश्रवर्णी लोकांनी गोऱ्यांची आडनावं लावायची नाहीत. १७७९चा दुसरा: कपड्यांत गोऱ्यांची बरोबरी करायची नाही. म्हणजे नाटकातली रेशमी वस्त्रं अंगावर होती तोवरच सूट.

क्रांतीबद्दल एक ओळ पुरे: ती ऑगस्ट १७९१मध्ये उत्तरेकडच्या उसाच्या मळ्यांतून पेटली, आणि पेटवणारे होते गुलाम. ‘आफिश आमेरिकेन’ या पत्रात मिनेटच्या खेळांच्या जाहिराती यायच्या, त्याच पत्रात पळालेल्या गुलामांचा शोध लागावा म्हणून सूचनाही छापल्या जायच्या. त्यांतल्या काहींत ओळखीची खूण म्हणून लिहिलेलं असे: व्हायोलिन वाजवतो.